काळ्या टायच्या जागी पांढरे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. स्वतःच्या फजित्या सांगायची मला लाज नाही — एका साहेबांच्या छताला भोक पाडून मी थेट त्यांच्या न्हाणीघरात डोकावलो होतो, तो किस्सा अख्ख्या शहाद्याला पाठ आहे. पण हा? हा ओठांवर आला की मी घाईघाईनं तो न्हाणीघराचाच सांगून मोकळा होतो.

तर — दानियल. नवापूरकडच्या डोंगरातला, कोकणी आदिवासी, ख्रिस्ती घरातला. आम्ही दोघं आबांकडे कामाला, नेटवर्कच्या केबल टाकायला. मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलायचा. त्यानं माझं काही वाईट केलं होतं? काही नाही. तो माझ्या विनोदांवर हसत नसे. आणि आबा त्याला 'दानियलभाऊ' म्हणत, मला — तापीकाठच्या बागायतदाराच्या पोराला — 'ए'.

एका कॉलेजात भिंतीवर रॅक लावलं. म्हणजे लोखंडी कपाट. इमारतीभरच्या केबल तिथं येऊन उतरतात. खालचा मजला त्यानं घेतला, वरचा मी. ही वाटणी आम्हा दोघांतच, आबांनी कधी विचारली नाही. त्यांचा नियम वेगळा होता: ज्याचं काम त्याच्या रंगाचे टाय, म्हणजे केबलचा गठ्ठा आवळायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. माझे गठ्ठे काळ्या टायनं बांधलेले, त्याचे पांढऱ्या. बिघडलं की आबा नुसतं रॅक उघडत, आणि शिव्या योग्य पत्त्यावर पोचत.

केबलमध्ये आठ रंगीत तारा, दोन-दोनच्या जोड्या. प्लगमध्ये बसवताना हिरवी जोडी फोडून तिच्या मधे निळी घालायची, असा ठरलेला क्रम. मला ते कुरूप वाटायचं. मी आपल्या अकलेनं सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी बसवल्या. दोन्ही टोकांना सारख्याच, मग बिघडतंय काय? टेस्टरचे आठही दिवे लागले. मी दानियलला टोमणा हाणला, "तू जोडपा तोडस, मी संसार लावस!"

तो हसला नाही.

पुढे ऐन प्रवेशाच्या दिवसांत वरच्या मजल्यावरचं नेट सारखं तुटू लागलं. खाली पोरांची रांग, वर प्राचार्यांचा आरडाओरडा. आबा आणि दानियल निघायच्या आधीच मी तिथं पोचलो. एक प्लग काढला, मोबाईलवर शोधलं — आणि चूक सापडली. दिवे लागतात हो. पण जोड्या चुकल्या की लांबच्या केबलमध्ये तारा एकमेकींच्या बोलण्यात तोंड घालतात. वरच्या मजल्यावर जाणाऱ्या लांबच्या केबल सगळ्या माझ्या.

'चुकलो' म्हणणं अवघड होतं का? मी तर चुकांचाच फेरीवाला! पण दानियलच्या देखत? त्याच्या देखत नाही.

त्याची पिशवी माझ्याच जीपमध्ये होती. मी माझे काळे टाय कापले आणि त्यातले पांढरे बांधले. मग त्याच्या नीट कामावरचे पांढरे कापून तिथं माझे काळे बांधले. घाई केली नाही. शेपट्यासुद्धा नीट छाटल्या.

आबा आले, रॅक उघडलं. "हाई कोनं काम शे रे?"

दानियल बघतच राहिला. "आबा, टाय मन्हा शेतस. पन काम मन्हं नही."

"मंग टाय काय आपोआप बांधाई ग्यात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कळलं होतं त्याला. आणि मी काय बोललो? "त्याले नवापूरनी एसटी पकडानी घाई ऱ्हास, आबा." आबा हसले. माझ्या त्या एका विनोदावर आबा हसले, आणि दानियलचं काम गेलं. जिल्ह्यात केबल टाकणारे मोजकेच. आबांनी एकेकाला फोन करून 'त्याले ठेवू नका' सांगितलं. नंबर मी लावून दिले.

त्या कामाची दुरुस्ती मीच केली, योग्य क्रमानं. शाबासकी घेतली. आता आबा थकलेत, धंदा मी बघतो.

गेल्या उन्हाळ्यात नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत कॅमेऱ्यांचं काम मिळालं. शेडमध्ये एक जण खाद्याची पोती वाहत होता. दानियल. केस पिकलेले. शेठ मला म्हणाले, "हा म्हणतो, मला केबलचं काम येतं. पाठीला आता पोती पेलवत नाहीत त्याच्या. घ्या ना तुमच्याकडे. ओळखता का याला?"

दानियलनं पोतं खाली ठेवलं आणि उभा राहिला. मी काय म्हणतो, त्याची वाट पाहत होता.

कोणाची भीती होती मला तिथं? आबांची? त्यांना आता नीट दिसतही नाही. खरं सांगू? मला तो अजूनही आवडत नाही. ज्याचं इतकं वाईट केलं, तो माणूस आवडणार तरी कसा?

"नाही ओळखत," मी म्हटलं. "आणि शेठ, ज्याला त्याला केबलला हात लावू देत नाही मी."

शेठनं मान डोलावली. दानियलनं पोतं परत पाठीवर घेतलं.