लॉइड स्कोग्लंडचं गवत कापायचं यंत्र

ऑक्टोबर लागला की लॉइड स्कोग्लंड आमच्या गल्लीतली गवत कापायची यंत्रं घरोघरी जाऊन हिवाळ्यापुरती झोपवायचा. कुणी बोलावलेलं नसे. "जुनं पेट्रोल तसंच ठेवलंस तर वसंतात कार्बुरेटरमध्ये डिंक सापडेल," असं दटावत तो टाकी ताज्या पेट्रोलनं भरायचा, पेट्रोल टिकवायचं औषध त्यात ओतायचा आणि ते आतवर पोचेतो इंजिन चालू ठेवायचा. मिनेसोटात कुणी काही देऊ केलं, की दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायची रीत आहे. लॉइड पहिल्या दोन वेळा विचारायचाच नाही.

यंदा ऑगस्टमध्ये त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दोरी ओढून यंत्र सुरू करायला डॉक्टरांनी मनाई केली, म्हणून मुलीनं बॅटरीवर चालणारं यंत्र आणून दिलं. लॉइडनं त्याला हात लावला नाही. फिरायला जाणं सोडलं, ताटात निम्मं टाकायला लागला. ऑक्टोबरात तो कुणाच्याच दारी आला नाही, तेव्हा मीच गेले आणि बजावलं, की बॅटरी गराजमध्ये गोठेल, घरात आण.

"राहू दे तिथंच," तो म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात गवत कापायला असणारे कोण?"

त्याची बायको आर्डिस बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

जानेवारीत पारा उणे तीसवर उतरला. सकाळी मी आर्डिसकडे कॉफीला बसले होते. तिची कॉफी म्हणजे नाव कॉफीचं आणि रंग पाण्याचा, पण मी पिते. लॉइड खिडकीशी गप्प बसून होता. रेडिओवर थंडीचा इशारा लागला, तसा तो एकाएकी उठला आणि सपातांवरच गराजकडे निघाला.

"अरे, कोट तरी घाल!" आर्डिस ओरडली.

परतला तो लालबुंद नाक घेऊन. "माझी बॅटरी कुणी नेली?"

"तुला कशाला हवीय?" आर्डिसनं विचारलं. "गवत कापायला तर कुणी नसणार ना?"

"ते सोड. या थंडीत मरेल ती."

"आणि इतके दिवस काय उबेत होती?"

आर्डिस उठली, बाथरूमशेजारचं कपाट उघडलं आणि टॉवेलांच्या चळतीमागून लोकरी टोपीत गुंडाळलेली बॅटरी काढली.

"ऑक्टोबरात तू 'राहू दे तिथंच' म्हणालास ना, त्याच संध्याकाळी आणली," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं? अधूनमधून बटण दाबून चार्जचे दिवे बघते. चार्जर लावायची मात्र छाती झाली नाही." मग ती त्याच्याकडे वळली. "तू नको म्हणालास, लॉइड. मी कुठं म्हटलं होतं?"

लॉइडनं बटण दाबलं. चारपैकी एकच दिवा लागला. त्यानं टोस्टर बाजूला सारून चार्जर जोडला आणि खुर्ची ओढून शेजारी बसला.

"तिथं बसून राहायला हवंच का?"

"हवं. हिवाळाभर ठेवायची बॅटरी अर्धीच भरायची असते. मार्चात परत बघायची, एप्रिलात पूर्ण भरायची, मग मेमध्ये..."

तो थांबला. आर्डिसनं तोंडाला टॉवेल लावला होता. इतक्या वर्षांत मी त्या दोघांना एकमेकांचा हात धरताना पाहिलं नव्हतं. लॉइडनं तिचा हात धरला.

"मेमध्ये कडेकडेचं तू काप," तो म्हणाला. "मधलं मी कापतो."