अडतीस टक्क्यांवर तुटलेलं बोलणं

माझ्या फोनच्या बॅटरीचा काही भरवसा उरला नव्हता. सकाळी शंभर टक्के दाखवायची आणि आमच्या गोरेगाव खेड्यातून जीपने हिंगोलीला पोचेपर्यंत, पर्समध्ये नुसती पडून राहून, साठावर यायची. मी तिथे एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासते. पेशंटना रिपोर्ट पाठवायला फोन लागतोच. म्हणून मी स्क्रीनचा उजेड कमी केला, लोकेशन बंद ठेवलं, नको ती अ‍ॅप काढून टाकली. आईच्या कीर्तनाच्या व्हिडिओंवरही बंदी घातली. आई रुसली, बॅटरी होती तशीच राहिली.

अशात मामाने स्थळ आणलं. मुलगा कळमनुरीकडचा, नोकरीला पुण्यात, आईही त्याच्याजवळच. त्याला सुट्टी नव्हती, म्हणून आधी व्हिडिओ कॉलवर बोलायचं ठरलं, रविवारी दुपारी. मामाचा आणि बाबांचा फोन बटणांचा. म्हणजे सगळं माझ्याच फोनवर आलं.

रविवारी सकाळीच लाईट गेली. मी फोन बंद करून ठेवला, आईलाही हात लावू दिला नाही. कॉल सुरू झाला तेव्हा बॅटरी सत्तरच्या वर होती. मुलाच्या आईने शिक्षण विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मग म्हणाली, "अंधारात काहीच दिसून नाही राहिलं. जरा उजेडात ये ना."

मी अंगणात जाऊन बसले. वरून ऊन, हातात फोन, मागे आई-बाबा आणि मामा. फोन तव्यासारखा तापायला लागला. मुलगा तेवढ्या वेळात एक शब्द बोलला नव्हता. शेवटी मीच त्याला विचारलं, "लग्नानंतर मी नोकरी केलेली तुम्हाला चालेल का?"

त्याने त्याच्या आईकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि स्क्रीन काळी झाली. शेवटचा आकडा मी पाहिला होता, अडतीस.

"कट केलास का गं?" मामा ओरडला.

"मी काहून करू? बॅटरी गेली!"

"असं विचारायचं अन् फोन बंद करायचा, व्हय?"

मी बटण दाबत राहिले. फोन थरथरायचा, कंपनीचं चिन्ह दाखवायचा आणि पुन्हा मरायचा. तो भिंतीवर आपटावा असं वाटत होतं. मामाने आपल्या फोनवरून त्यांना लावलं. पलीकडून मुलाच्या आईचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "आमच्या पोराला बोलू तरी द्यायचं होतं. इतका राग बरा न्हाई." मामा बॅटरीची तकलीफ सांगत राहिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि नंतर कळवतो म्हणून फोन ठेवला. घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. माझी चूक काय, तेही कुणी सांगेना.

दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर मी मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदाराने मागचं झाकण काढलं, तर बॅटरी पापडासारखी फुगलेली.

"ताई, रातभर चार्जिंगला लावता का?"

"लावते."

"नका लावत जाऊ. अन् उन्हातबी धरू नका."

नवी बॅटरी बसवून फोन चालू केला, तर त्या मुलाचा मेसेज येऊन पडलेला. बोलायचं आहे, असं लिहिलं होतं. मी एसटी डेपोत एका बाकड्यावर बसून त्याला फोन लावला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्या दिवशी काय सांगणार होता, ते त्याने सांगितलं. नोकरीला त्याची हरकत नव्हती, पण आईला सून घरातच हवी होती. म्हणून सुरुवातीची काही वर्षं मी घरी राहावं, पुढचं पुढे पाहू.

"पण तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"आईला दुखवून कसं चालंल?"

मी म्हणाले, मग मला जमणार नाही. त्याने बरं म्हटलं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. मामाला मात्र कितीदा सांगूनही पटलं नाही. अजूनही कुणाच्या लग्नात भेटला की चारचौघांत सांगतो, "इतकं चांगलं स्थळ, बॅटरीपायी गेलं." ऐकणारे हसतात. मी म्हणते, "मामा, मी न्हाई म्हणलं त्याला." तो हात उडवतो आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो.

परवा असाच बोलत होता, तेव्हा आई मध्येच म्हणाली, "ती सांगून राहिली ना, तिनं न्हाई म्हणलं." मामा गोष्ट अर्धवट सोडून जेवायला उठून गेला.