मज्जा वाढलेला पैलवान

दवाखान्यातल्या बरण्यांमधलं चूर्ण संपतं, किस्से मात्र साठतच जातात. ओपीडी आटोपली, चहा आला, की एकावरून दुसरा निघतो आणि दुसऱ्यावरून तिसरा. पण शेवगावच्या आमच्या जुन्या आयुर्वेदिक दवाखान्यातलं कुणीही भेटलं, की गाडी शेवटी शिवा पैलवानावरच येते. गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. आता हसून सांगतो, पण तेव्हा आमची पार पाचावर धारण बसली होती!

दवाखान्यात आम्ही तिघं. मोठे वैद्य म्हणजे अण्णा. तपकिरीची डबी आणि तापट डोकं, दोन्ही कायम बरोबर. दुसऱ्या मार्था सिस्टर, ज्यांना खुद्द अण्णाही वचकून असत. आणि तिसरा मी, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट.

*

कॉलेजात तोंडी परीक्षेला मला मज्जावृद्धी विचारली होती. हाडांच्या आतली मज्जा प्रमाणाबाहेर वाढते तो विकार. मी धडाधड लक्षणं म्हटली. डोळे जड, अंग जड, बोटांच्या पेरांवर खोल मुळाचे फोड, लवकर बरे न होणारे.

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "असा पेशंट कधी पाहिलाय?"

"सर, आपल्या नगर जिल्ह्यात?" मी म्हटलं. "इथं माणसाची हाडं बाहेरूनच मोजता येतात!"

ते हसले आणि मी पास झालो. असला पेशंट आपल्या नशिबात नाही, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

*

आणि मग शिवा आला. दारातून वाकून यावं लागेल एवढा धिप्पाड गडी, पण आत येईना. ओसरीतच उभा राहिला, दोन्ही हात टॉवेलखाली.

त्याचा बाप म्हणाला, "खडीच्या कामावर पोराला माठाला हात लावू देत न्हाईत. म्हनत्यात, महारोग हाय. ह्याच्या मामाची पोर ठरलीय ह्याला, लहानपनापासनं. आता मामा म्हनतो, पुनवंपतूर वाट बघीन, मग पोर दुसरीकडं देईन."

शिवा खाली मान घालून उभा. सिस्टर बाहेर गेल्या. "हात दाखव."

"नगं बाई."

"का? सोनं लपवलंय का त्यात?" असं म्हणून त्यांनी टॉवेल ओढला आणि सरळ त्याचा हात हातात घेतला. पेरापेरावर जाड, लालबुंद फोड होते. कित्येक दिवसांत त्या हाताला घरच्यांशिवाय कुणी शिवलं नव्हतं. तो एवढा मोठा पैलवान तिथंच उभ्यानं रडायला लागला.

*

अण्णांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग विचारलं, "खातोस काय?"

उत्तर ऐकून मी थक्क झालो. दुष्काळात लोक शेरडं मिळेल त्या भावाला विकत होते. तालमीचे वस्ताद रोज खाटकाकडून मज्जेनं भरलेल्या हाडांच्या नळ्या स्वस्तात आणायचे आणि शिवाला एकट्याला बसवून पातेलंभर नळ्या चोखायला लावायचे. हाडात ताकद भरते म्हणे!

"मज्जावृद्धी," अण्णा म्हणाले. "नळ्या बंद. कडू काढा, पेज, आणि एक दिवसाआड उपास."

बाप म्हणाला, "वैद्यबुवा, अख्खा तालुका उपाशी हाय, आन माझ्याच पोराला तेवढं जास्त झालं व्हय?"

*

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले, मिशा थरथरत. "माज्या पैलवानाला उपास? आवं, मज्जा वाढली म्हंजे नळ्या अंगी लागल्या की!"

अण्णांनी त्यांना बसवून डोळे, फोड, जडपणा सगळं समजावलं. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि जाताना दारात थांबून विचारलं, "मग ह्याची उतरंल तवर बाकीच्या पोरांची वाढवू का?"

अण्णांनी तपकिरीची डबी फेकून मारली. वस्तादांनी ती झेलली आणि चिमूट घेऊन परत केली!

*

त्यानंतरचे दिवस मात्र वाईट गेले. फोड बसत होते, पण फार सावकाश. पौर्णिमा जवळ येत होती. शिवाचे डोळे इतके जड, की ड्रेसिंग करता करता तो बाकावर घोरायला लागे.

एकदा सिस्टर फोडातला पू काढत होत्या आणि हा गाढ झोपलेला. मी अण्णांना बाजूला नेलं. "अण्णा, दुखत कसं नाही याला? महारोगात होतात तशी बोटं बधिर तर नाहीत झाली? मग लोक म्हणतात तेच खरं असायचं!"

अण्णा नेहमीसारखे ओरडले नाहीत. "पहिल्या दिवशी मी बोटांवर पीस फिरवून बघितलंय. कळत होतं त्याला." मग म्हणाले, "पण चुकलो असलो, तर त्या पोरीला आपण कुठं ढकलतोय, हे मला रोज आठवतं."

*

पौर्णिमेला मामा आले. मागं त्यांची पोर इंदू, ती दाराशी बसली. मामा म्हणाले, "वैद्यबुवा, तुमच्या शब्दावर पोर देनार न्हाई. मला डोळ्यांनी बघू द्या."

अण्णांनी शिवाला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि कोंबडीचं पीस मामांच्याच हातात दिलं. "कुठंही लावा. तो सांगेल."

मामांनी पीस टेकवलं.

"करंगळी," शिवा म्हणाला.

"आंगठा."

"मधलं बोट... वरचं पेर."

बाप हात जोडून उभा होता. मी श्वास सोडला. मामांनी पीस पुन्हा टेकवलं.

उत्तर नाही.

मामांनी पीस दाबून फिरवलं. तरी उत्तर नाही. अण्णांची तपकिरीची चिमूट नाकापाशीच थांबली. बाप मटकन खाली बसला.

आणि टॉवेलखालून घोरण्याचा आवाज आला.

"झोपलाय तो!" मी ओरडलो.

"झोपलेला मानूस एवढं दाबल्यावर जागा न्हाई हुनार?" मामांचा आवाज चढला. "मला येड्यात काढताय व्हय? बोट मेलंय त्याचं! दाजी, सोयरीक मोडली. चल गं इंदे."

इंदू उठली. पण बाहेर गेली नाही. मामांना वळसा घालून खुर्चीपाशी आली आणि मामा ज्याला मेलं म्हणाले तेच बोट तिनं मुठीत धरलं.

घोरणं थांबलं. डोळ्यांवरचा टॉवेल तसाच होता. शिवा हलला नाही, फक्त हळूच म्हणाला,

"ह्यो हात मामाचा न्हाई."