अकिहाबाराचा प्लेअर

कोणाच्याही घरी गेला की चहा येण्याआधीच हा गृहस्थ मिक्सर नाहीतर टेबल फॅन उलटा करायचा आणि म्हणायचा, "आधी मागची पट्टी वाचा." यंत्र किती व्होल्टचं आहे ते त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. लोक परदेशातून वस्तू आणतात आणि न बघता सॉकेटमध्ये खुपसतात, याचा त्याला मनस्वी राग यायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण त्याला हसतो आणि फ्रिज घ्यायचा झाला की फोन त्यालाच करतो.

सिंगापुरात आमचं ऑफिस एक आणि यिशुन भागातली राहती इमारतही एक. त्याची बायको बाळंतपणात गेली. त्याआधी दोन महिने ती नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात पडून होती. पोटातल्या बाळाशी गप्पा मारायची आणि त्या एका मिनीडिस्कवर, म्हणजे छोट्या सीडीसारख्या चकतीवर, रेकॉर्ड करून ठेवायची. ती गेल्यावर ते ऐकायचा धीर त्याला वर्षानुवर्षं झाला नाही. धीर झाला तेव्हा प्लेअर बिघडलेला होता आणि तसले प्लेअर बनणंही बंद झालं होतं. डिस्क दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. मुलगी नऊ वर्षांची झाली तरी तिने आईचा आवाज ऐकलेला नव्हता.

ऑफिसने आम्हा दोघांना टोकियोला पाठवलं, तेव्हा शनिवारी तो मला ओढतच अकिहाबाराला, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घेऊन गेला. मोठ्या डोळ्यांच्या कार्टून पोरींची पोस्टरं, मजलेच्या मजले भरून खेळणी, झालरीचे एप्रन घालून कॅफेची पत्रकं वाटणाऱ्या मुली. मी दोन पत्रकं घेतली, ती बायकोला अजून दाखवलेली नाहीत. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. मागच्या गल्ल्यांत, जुन्या यंत्रांच्या दुकानांतून तो सकाळपासून विचारत फिरला. चार वाजता एका म्हाताऱ्या दुकानदाराने फडताळातून प्लेअर काढला आणि स्वतःची डिस्क घालून वाजवून दाखवला. याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला तो सोडेचना.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला बोलावलं. मुलगी केस विंचरून, नवा फ्रॉक घालून बसली होती. त्याने डिस्क आत सरकवली, जपानी प्लगला पिनचा अडॅप्टर लावला आणि बटण दाबलं. फट् आवाज झाला, जळका वास सुटला. मी शेजारीच उभा होतो, माझ्याही लक्षात आलं नाही.

"शंभर व्होल्ट," तो म्हणाला. "तिथे शंभर असतं, इथे दोनशे तीस. मला माहीत होतं."

"नेव्हर माइंड लाह, बाबा," मुलगी म्हणाली. मग आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

स्क्रू काढून त्याने डिस्क बाहेर काढली. ती शाबूत होती. त्यानंतर जपानला जाणाऱ्या प्रत्येकाला तो दुसऱ्या प्लेअरसाठी गाठायचा. सहा महिन्यांनी मी एकटा निघालो, तर त्याने गल्ल्यांचा नकाशा काढून दिला, दुकानांवर खुणा करून. एक दुपार मोकळी मिळाली. पाऊस होता, मी दमलो होतो. हॉटेलात झोपलो.

आल्यावर सांगितलं, "भर पावसात सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. नाही मिळाला."

"अकिहाबारात नाही म्हणजे कुठेच नाही," एवढंच तो म्हणाला. मग त्याने कोणालाच विचारलं नाही. खरं सांगायचं असं रोज ठरवायचो आणि लिफ्टमध्ये भेटला की हवापाण्याचं बोलायचो. माझी मलाच शरम वाटायची.

वर्षभरात त्याचा नोकरीचा पास संपला, रिन्यू झाला नाही. ते नागपूरला परत निघाले तेव्हा मी चांगी विमानतळावर गेलो होतो. आत जाताना त्याने मुलीला थांबवलं.

"काकांच्या पाया पड," तो म्हणाला. "तुझ्या आईच्या आवाजासाठी भर पावसात वणवण केली त्यांनी."

ती वाकली.