स्वयंपाकिणीचा ड्रॅगन

हिवाळाभर कॅनडातल्या थंडर बेच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा आणि उरलेल्या वेळात ड्रॅगन पाळायचे, हे क्लेटन बोडनरचे दोन उद्योग. पहिल्याचा पगार मिळे, दुसऱ्यावरून थट्टा होई. ड्रॅगन अर्थात कागदावरचे. कितीतरी वर्षं तो एकच कादंबरी लिहीत होता आणि गावातल्या लिहिणाऱ्यांच्या मंडळात थोडी थोडी वाचून दाखवत होता.

गोष्ट अशी, की राजाच्या डोंगरातून एक अंडं चोरीला जातं, या हातातून त्या हातात फिरत सैन्याच्या भटारखान्यात येतं आणि चुलीच्या उबेनं फुटतं. मार्टा नावाची स्वयंपाकीण त्या पिल्लाला उरल्यासुरल्यावर वाढवते. शेवटी खरा राजा येतो आणि ड्रॅगनला हाक मारतो. आता तो कुणाचा?

असल्या कादंबऱ्यांत हा प्रश्नच पडत नाही. ड्रॅगन रक्त ओळखतो. राजरक्तापुढे मान झुकवतो आणि बाकीच्यांना भाजून खातो. एका छोट्या प्रकाशनाला क्लेटनचं शेवट लिहायचा राहिलेलं बाड आवडलं, तेव्हा तिथली संपादक ग्रेटा फोनवर हेच म्हणाली.

"सगळं झकास जमलंय हो. फक्त शेवटी मार्टा राजाची हरवलेली बहीण निघू दे. नाहीतर एवढं मोठं जनावर एका स्वयंपाकिणीचं का ऐकतं, असं वाचक विचारतील. सोमवारी कळवा, म्हणजे छापायला घेऊ."

मंडळातल्यांनीही माना डोलावल्या. पुस्तक निघायची ही पहिलीच संधी होती, आणि क्लेटनचंही वय काही मागे जात नव्हतं.

रविवारी तो एल्वी लाहतिनेनकडे गेला. नऊ वर्षांच्या क्लेटनला सरकारी बाईंनी ज्या घरी सांभाळायला म्हणून आणून सोडलं होतं, त्या घरची ही मालकीण. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही, तोंड फाटकं आणि हात सढळ. तो तिला कधी आई म्हणाला नाही, तिनंही म्हणवून घेतलं नाही. आता ती वृद्धाश्रमात होती. दृष्टी गेली होती, म्हणून तो तिला प्रकरणं वाचून दाखवी.

"तुझा सरडा अजून जिवंत आहे का रे?" पावलांच्या आवाजावरूनच तिनं विचारलं.

"आहे. पण अडलाय." त्यानं ग्रेटाचं म्हणणं सांगितलं.

"मग कर की त्या मार्टाला राजकन्या! तुझ्या बापाचं काय जातंय? का पुस्तक मी मेल्यावर काढणार आहेस?"

"आणि नाही केली तर?"

"तर तो राजाकडे जाईल. जाणारच. शेवटी रक्त ते रक्त." तिनं चाचपडत कॉफीचा कप शोधला. "तूही गेला होतास."

ते खरं होतं. क्लेटन सोळा वर्षांचा असताना उन्हाळ्यात त्याची जन्मदाती विनिपेगहून त्याला न्यायला आली होती. ड्रॅगनची स्वस्त पुस्तकं वाचून वाचून पोरानं मनाशी पक्कं धरलं होतं, की एक दिवस आपलं रक्त ओळखणारं कुणीतरी येईल. ती आल्यावर तो मागे वळून न बघता गाडीत बसला. पानं गळायच्या आत परतही आला. एल्वीनं दार उघडलं, "बूट बाहेर काढ," एवढंच म्हणाली, आणि कारण कधीच विचारलं नाही.

आज तिनं विचारलं. "परत का आलास?"

"ती वाईट नव्हती गं. माझं नाक तिच्यावर गेलंय, सगळ्यांना कौतुकानं दाखवायची. पण जेवलास का, असं तिथं एकदाही कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, सगळ्याच घरांत विचारतात. हे तेव्हाच बोलायला हवं होतं मी. तू नसतीस तर माझं काय झालं असतं कुणास ठाऊक. फार उपकार आहेत तुझे, एल्वी."

एल्वीनं कप खाली ठेवला. एवढ्यानं विरघळेल ती एल्वी कसली!

"एवढं सांगायला एवढं जाडं पुस्तक लिहिलंस होय, गाढवा?"

दोघंही हसले, आणि हसता हसता दोघांनीही नाकं पुसली.

सोमवारी क्लेटननं ग्रेटाला नाही म्हणून कळवलं. पुस्तक निघालं नाही. वाईट वाटलं, नाही असं नाही, पण पस्तावा झाला नाही. त्याच आठवड्यात शेवट लिहून झाला आणि रविवारी त्यानं तो एल्वीला वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. त्यानं कागद गोळा करायला घेतले, तसा तिनं अंदाजानं त्याचा हात धरला.

"थांब. परत वाच. राजा हाका मारतो आणि तो जात नाही ना, तिथपासून."