शेवटचा नंबर
गरम तेलाचा करपट वास आला की आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडाली ती सकाळ आठवते. पुण्याच्या कॉलेजातली आणि परदेशातली माणसं मिळून विजेवर संशोधन करत होती. पाण्याच्या मोटारी एकदम उठल्या की डीपीवर ताण येतो, म्हणून त्यांनी सहा विहिरींवर पेट्या बसवल्या. पेटी एकेक मोटार नंबरानं लावणार होती. आम्ही फक्त स्टार्टरचा ऑटो काढायचा होता, कारण ऑटोनं लाईट येताच मोटार आपोआप उठते. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मिरची नुकतीच लावलेली, तिला पाणी चुकवून चालणार नव्हतं. लाईट आली, सहाही मोटारी एकदम उठल्या आणि डीपीतून तेल उसळलं. संशोधनवाली पोरगी एकेक स्टार्टर उघडून बघत माझ्याकडं आली. सगळीकडं ऑटो तसाच होता. “आजी, तुम्हीसुद्धा?” “माझा नंबर शेवटचा हाय, पोरी. तवर लाईट टिकती व्हय?” “पहिला दिला असता तर?” “मग दुसरं कुणीतरी शेवटी असतंच की.” इंदापूरहून नवी डीपी येईपर्यंत माझी मिरची वाळून गेली. पोरीचं बरोबर होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण उद्या पुन्हा कुणी सांगायला आलं, तर मी मान डोलावीन आणि ऑटो तसाच ठेवीन.