सरबतातला आंबटपणा

ताकाचा पेला हातात दिला की आमच्या कॉलेजचे रसायनशास्त्राचे सर आधी खिशातली कागदी पट्टी त्यात बुडवायचे. पट्टीचा बदललेला रंग उजेडात पाहायचे आणि मगच घोट घ्यायचे. "आंबट किती ते कळल्याशिवाय कशाचंच काही कळत नाही, मॅडम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलांनो, अशी चक्रम वाटणारी माणसं तुमच्या कॉलेजातही असतील. त्यांच्या शेजारी जरूर बसा.

मी तेव्हा अंबडला इंग्रजी शिकवत होते. शेजारच्या सुमनने घरच्या बागेतल्या मोसंबीचं सरबत बाटल्यांत भरलं आणि टिकावं म्हणून बेंझोएटची पावडर घातली. थोड्याच दिवसांत सरबत फसफसलं, बुचं उडाली. तिचे दीर म्हणाले, "पुढचं बी नासलं तर बाग तोडून कापूस लावू."

रडवेली होऊन ती सरांकडे निघाली. मीही सोबत गेले.

"पावडर बराबर टाकल्ती, सर. आता दुप्पट टाकू का?"

"आणखी काय टाकलं होतं?"

"चिमूटभर खायचा सोडा. मोसंबी गोड लागाय पाहिजे ना!"

सर इतके हसले की चष्मा पुसावा लागला. "अहो बाई, पावडरीचे हातपाय तुम्हीच बांधले!"

मग त्यांनी मलाही कळेल असं सांगितलं. ही पावडर पाण्यात दोन रूपांत असते. पाणी चांगलं आंबट असलं की तिच्या बहुतेक कणांना हायड्रोजन चिकटून राहतो, आणि असे कणच नासवणाऱ्या जंतूंच्या पेशीत शिरून त्यांची वाढ रोखतात. सोड्याने आंबटपणा घटला की हायड्रोजन सुटतो, कणावर विद्युतभार येतो आणि तो पेशीच्या बाहेरच अडकतो. पावडर तेवढीच, पण निकामी.

"आता लिंबूसत्व घाला," सर म्हणाले.

"लोक म्हणतील, ही मोसंबी न्हाई, लिंबू हाय."

"मग साखर वाढवा. साखरेनं आंबटपणा झाकला जातो, मरत नाही."

हिवाळ्यात सुमनने पुन्हा बाटल्या भरल्या. सर कॉलेजला जाताना तिच्या खिडकीशी थांबायचे. मधुमेहामुळे त्यांना चाखता येत नव्हतं, नुसतेच बघायचे.

"काय म्हणतंय सरबत?"

"गुमान बसून राह्यलं, सर."

संक्रांतीनंतर एका सकाळी सर वारले.

चैत्रात दिरांच्या मुलीच्या लग्नात बाटल्या उघडल्या. एकही फसफसली नाही. दिरांनी स्वतः दुसरा ग्लास मागून घेतला, आणि बाग तोडायची भाषा पुन्हा केली नाही. सुमन एक ग्लास झाकून सरांच्या घरी घेऊन गेली. त्यांच्या पत्नीने तो उभ्याउभ्याच संपवला, पदराने ओठ टिपले आणि त्या म्हणाल्या, "आणखी आहे का गं? त्यांच्या वाटचंही मीच पिते."